पापणीआडचे जीव

माझ्या बैठकीच्या खोलीत, दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसेल अशा जागी, गेल्या वर्षापर्यंत एक फोटो टांगलेला होता. काळ्याभोर पार्श्वभूमीवर बदामाच्या आकाराचे, काचेसारखे आरपार दिसणारे एक शरीर. एक मोठा काळा डोळा. फांद्या फुटल्यासारखे दोन हात. पाठीशी एक पारदर्शक पिशवी आणि त्या पिशवीत दाटीवाटीने बसलेली चार पिल्ले. प्रत्येक पिल्लाला स्वतःचा एक काळा ठिपका, म्हणजे स्वतःचा डोळा. येणारा प्रत्येकजण त्या फोटोपाशी थांबे. एकाला तो काचेचा दिवा वाटला, एकीला नथ वाटली आणि शेजारच्या चिमुरडीने तर त्याला आकाशकंदील ठरवून टाकले. मग मी मोठ्या आनंदाने सांगत असे, की हा दागिना नव्हे की दिवा नव्हे. ठाण्याच्या मासुंदा तलावातली ही एक जलपिसू आहे. नाव ऐकून अंग चोरण्याचे कारण नाही. ती पिशवीतली पिसू नव्हे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातली आहे. लांबी जेमतेम मिलिमीटरभर.

ऐकणारा 'वा!' म्हणे. त्या 'वा'ची मला चटक लागली होती, हे आधीच कबूल केलेले बरे.

हा छंद मला उतारवयात जडला. नोकरीतून मोकळा झालो त्याच सुमारास एका महाविद्यालयाने डेडस्टॉकमधले सामान काढले. त्यात अंबाल्याच्या बनावटीचा एक जुना सूक्ष्मदर्शक होता. आरसा डागाळलेला, एक भिंग बुरशीने धुरकटलेले. पण मधले भिंग शाबूत होते. मी तो पिशवीत घालून घरी आणला आणि संध्याकाळी कोपिनेश्वराच्या बाजूने तलावावर जाऊन बाटलीभर पाणी घेऊन आलो. पहिले आठ दिवस मला काहीच दिसले नाही. नितळ पाण्यात शोधणे ही नवशिक्याची चूक असते. नंतर कळले, की खरी वस्ती जलपर्णीच्या मुळांत, पाणवनस्पतींच्या पानांआड असते. मुळांचा एक झुबका बशीत पिळावा, खाली जमलेले गढूळ पाणी ड्रॉपरने उचलावे, त्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवावा आणि त्यावर नखाएवढी पातळ काच अलगद सोडावी. मग डोळा लावावा.

त्या वर्तुळात काय दिसते, हे सांगू लागलो तर हा लेख संपायचा नाही. देठावर उभी असलेली व्हॉर्टिसेलाची घंटा जरा धक्का लागताच डोळ्याची पापणी लवण्याच्या आत स्प्रिंगेसारखी आखडते आणि मग सावकाश, जणू काही झालेच नाही अशी, पुन्हा सरळ होते. व्हॉल्व्हॉक्सचा हिरवा गोल आपल्या पोटात लेकींचे हिरवे गोल घेऊन गरगरत जातो. रोटिफरच्या तोंडाशी दोन चाके फिरत असल्याचा भास होतो. खरे तर ती चाके नसून केसांच्या ओळीतून धावणाऱ्या लाटा असतात. त्याच्या अवघ्या देहात पेशी मोजून हजाराच्या आसपास, आणि तेवढ्यात जबडा, पोट, डोळे, मज्जा सगळा संसार मांडलेला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने 1674 साली एका तळ्याचे पाणी असेच स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले, तेव्हा हे जग प्रथम माणसाच्या नजरेस आले. पुढे 1702 साली त्याने आपल्या घराच्या पन्हळीतली वाळून कोळ झालेली धूळ पाण्यात भिजवली, तर काही वेळात तीतून हेच चाकवाले जीव हालचाल करू लागले. मेल्यासारखे पडून राहायचे आणि पाणी मिळताच उठायचे, ही त्यांची विद्या इतकी पक्की आहे, की सायबेरियातल्या सुमारे चोवीस हजार वर्षांपूर्वी गोठलेल्या जमिनीतून काढलेले रोटिफर पुन्हा जिवंत झाल्याचे 2021 साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

पण पाहून माणसाचे समाधान होत नाही. पाहिलेले दाखवावेसे वाटते. मी नेत्रभिंगावर मोबाइल बसवण्याची खटपट केली आणि फोटो काढू लागलो. इथे खरी अडचण सुरू झाली. शंभरपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखालचे वर्तुळ दोन मिलिमीटरहूनही कमी रुंद असते. पॅरामेशियम ते दोनतीन सेकंदांत ओलांडून पसार होतो. तो दिसतो तेव्हा बोट बटणावर नसते. बोट बटणावर येते तेव्हा तो नसतो. शेकडो फोटो काढावेत आणि त्यांत फक्त पळणाऱ्याची शेपटी उरावी, असा सहा महिने क्रम चालला.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती कोणी शिकवावी लागत नाही. हा नाद करणाऱ्या प्रत्येकाला आपोआप कळते. काचपट्टीवरचा थेंब दिव्याच्या उबेने सुकत जातो. पाण्याचा थर पातळ होतो, वरची काच खाली येते आणि पोहणाऱ्या जिवाला जागा उरत नाही. तो मंदावतो, जागच्या जागी वळवळतो, थोडा चपटा होतो. चपटा झाल्यामुळे त्याच्या पोटातले सगळे एकाच पातळीत, स्वच्छ, रेखीव दिसू लागते. आणि मग, काही क्षणांनी, तो फुटतो. उत्तम फोटो मिळण्याचा काळ हा या दोहोंच्या मधला, फुटण्याच्या थोडासा आधीचा.

वेळ साधून काचेच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडला, तर तो आपोआप आत ओढला जातो, काच उचलली जाते आणि जीव वाचतो. पण चित्रही पळून जाते.

ती जलपिसू मला गेल्या वर्षी अश्विनात मिळाली. पाऊस सरून तलावाचे पाणी निवळले होते, ऑक्टोबरची हिट चढली होती आणि बाटलीत जिवांची नुसती जत्रा भरली होती. मी काचेच्या चार कोपऱ्यांना मेणाचे चार इवलेसे पाय केले होते, म्हणजे काच तिच्या अंगावर पडू नये. भिंगाखाली काळ्या कागदाची चकती ठेवली, की पार्श्वभूमी काळी होते आणि जीव तेवढा उजळून निघतो. तशी ती उजळली. तिचे हृदय उडत होते. मोजता येणार नाही इतके भरभर. पिशवीतली चारही पिल्ले पूर्ण वाढली होती. ती हलत होती, त्यांचे डोळे वळत होते. तासा-दोन तासांत ती बाहेर पडली असती. मात्र ती स्थिर राहीना. दर झटक्याला चौकटीबाहेर जाई.

मी सुई घेतली आणि काचेचा एक कोपरा किंचित दाबला. मेण मऊ असते, काच खाली आली. ती थांबली. मी चौदा फोटो काढले. शेवटचे तीन काढले तेव्हा हृदय मोजता येत होते. मी ते मोजलेही.

हाच फोटो मी मोठा करून, चौकटीत घालून भिंतीवर लावला. पत्नीने तो नीट पाहिला. हातातले फडके खांद्यावर टाकून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "सुंदर आहे हो. मग हिला परत सोडलीत ना तलावात?"

मी म्हणालो, "अगं, ती तेवढ्यात गेली."

"पिल्लं?"

"तीही."

ती काही बोलली नाही. मलाच राहवेना. म्हटले, "काल रात्री मोरीत तू झुरळ मारलंस, तेव्हा नाही तुला दया आली!"

ती म्हणाली, "झुरळ मारलं ते मला घरात नको होतं म्हणून. तुम्ही हिला मारलीत ती तुम्हाला आवडली म्हणून."

आणि ती आत कुकर लावायला निघून गेली. तिच्या लेखी हा विषय तिथेच संपला. माझ्या लेखी तो तिथे सुरू झाला.

बचावाची भाषणे माणसाला लवकर सुचतात. पहिले सुचले ते आकाराचे. एवढ्याशा जिवाचे ते काय! पण हे म्हणताना माझीच जीभ अडखळली. सूक्ष्मदर्शकाचा मोठेपणा तो काय? 'एवढेसे' हा शब्द खोटा पाडणे, हाच ना? जो मनुष्य लोकांना बोलावून बोलावून 'पाहा, यात किती आहे' असे सांगतो, त्याला हिशेबाच्या वेळी 'यात काय आहे' असे विचारण्याचा अधिकार राहत नाही. जेनिंग्ज नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने 1906 साली या जिवांच्या वागणुकीवर एक ग्रंथ लिहिला. अमीबा जर कुत्र्याएवढा असता आणि आपल्या रोजच्या वावरात असता, तर त्यालाही भूक, इच्छा, सुखदुःख आहे असे आपण सहज धरून चाललो असतो, अशा अर्थाचे त्यात एक विधान आहे. आपली करुणा पुष्कळदा मोजपट्टी घेऊन बसलेली असते, हे त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

दुसरा बचाव जाणिवेचा. यांना कळते कुठे? पण याच जेनिंग्जने स्टेंटॉर नावाच्या, कर्ण्याच्या आकाराच्या एकपेशी जिवावर लाल रंगाची पूड सोडून पाहिली होती. तो आधी अंग वळवून चुकवतो. तेवढ्याने भागले नाही तर तोंडाशी चाललेला प्रवाह उलटा फिरवून पूड झटकतो. मग आखडून घेतो. आणि तरीही छळ चालूच राहिला तर मुळापासून सुटून निघून जातो. 2019 साली हार्वर्डच्या संशोधकांनी प्लास्टिकचे सूक्ष्म मणी सोडून हा प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना ही पायरीपायरीची वागणूक खरी असल्याचे आढळले. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, एकच पेशी; आणि तरी 'हे नको, आता हेही नको, आता जातो' इतका तिचा निग्रह! याला वेदना म्हणावे असे मी म्हणणार नाही. पण माझी जलपिसू तर एकपेशीही नव्हती. तिला मज्जातंतू होते, डोळा होता, हृदय होते. आणि तिला 'आता जातो' म्हणायला मी जागा ठेवली नव्हती.

तिसरा बचाव सर्वांत जुना आणि सर्वांत भारदस्त. हिंसा कोणाला चुकली आहे? सकाळी चहाचे पाणी उकळले की त्यात किती गेले! हा बचाव महाभारताइतका जुना आहे. शांतिपर्वात, युद्धानंतर राज्य नको म्हणणाऱ्या युधिष्ठिराला अर्जुन समजावतो, की जगात असे सूक्ष्म जीव आहेत की ते केवळ तर्कानेच जाणावेत. आपली पापणी पडली तरी ते नाश पावतात. मग हिंसा टाळणार कशी? भिंग घासले जाण्याच्या कित्येक शतके आधी कोणी तरी हे लिहून ठेवले, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. ते वाक्य मी पाहुण्यांना ऐकवीतही असे.

या वेळी मात्र ते वाचताना मी पापणीपाशी अडलो. अर्जुनाचे जीव पापणी पडताना मरतात. पापणी पडते, म्हणजे त्या क्षणी डोळा मिटलेला असतो. आणि ती पडल्यावाचून माणूस पाहूच शकत नाही. माझी जलपिसू माझा डोळा सताड उघडा असताना मेली. मी तिला तर्काने जाणत नव्हतो. तिच्या हृदयाचे ठोके मोजत होतो. अटळ हिंसेसाठी शोधलेले समर्थन मी हौसेच्या हिंसेला लावीत होतो. एका तागडीतले वजन दुसऱ्या तागडीत टाकावे तसे.

इथे मला लहानपणची एक गोष्ट आठवली. आमच्या मराठवाड्यातल्या गावी पायऱ्यांची बारव होती. सारे गाव तिचे पाणी पिई, तिच्या पायऱ्यांवर उभे राहून घागरी भरी. आमच्या आळीतल्या एका गड्याच्या पोटरीतून नारू निघाला, तेव्हा तो काडीवर गुंडाळून रोज थोडाथोडा ओढताना मी पाहिला आहे. हातभराहून लांब दोरा, आणि ओढताना तुटू नये म्हणून त्या धट्ट्याकट्ट्या माणसाच्या चेहऱ्यावर दाटलेली भीती! पुढे कळले, की नारूची पिल्ले वाहणारा जीव म्हणजे सायक्लॉप्स. पाण्यातला तो एकाक्ष, दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या मिरवणारा, भिंगाखाली जलपिसूइतकाच देखणा दिसणारा. पाणी फडक्याने गाळून प्या, पायऱ्या बुजवा, असे सांगत सरकारी माणसे गावोगाव हिंडली. बारवांत औषध टाकून सायक्लॉप्स मारले गेले. 1996 साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. त्यासाठी मेलेल्या असंख्य सायक्लॉप्सांबद्दल मला तिळमात्र खंत नाही. 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस डास चिरता चिरता रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्या डासांबद्दलही नाही. गड्याची पोटरी एका बाजूला आणि सायक्लॉप्स दुसऱ्या बाजूला ठेवला, तर मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही.

पण त्याच बारवेवर शेजारच्या जैन काकूही येत. त्या पाणी गाळून घेत आणि मग फडके उलटे करून, गाळलेल्या पाण्याने ते विसळून, ते विसळलेले पाणी घेऊन पुन्हा पायऱ्या उतरत आणि बारवेत अलगद सोडत. वरून ओतत नसत. हात पाण्याला टेकवून सोडत. आम्ही मुले हसत असू. फडक्यावर तर काहीच नसे! आज आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर नारूच्या गावात ते फडके बारवेत विसळणे बरे नव्हते, हे मी जाणतो. तरी आता मला हसू येत नाही. काकूंना त्या फडक्यावर काही दिसत नव्हते आणि तरीही त्या हात पाण्यापर्यंत नेत होत्या. मला सारे दिसत होते आणि मी सुई उचलली.

कोणी म्हणेल, माणसे रस्त्यावर मरत आहेत आणि हा गृहस्थ जलपिसूसाठी डोळे पुसतो! खरे सांगतो, मी डोळे पुसलेले नाहीत. जलपिसूचे आयुष्य मोजक्या आठवड्यांचे. तलावात तिला एखाद्या माशाच्या पिल्लाने गिळलेच असते. मला अस्वस्थ केले ते माझ्या बोटाने. काही वर्षांपूर्वी स्टेशनाबाहेर एक म्हातारा चक्कर येऊन पडला होता आणि भोवतीच्या वर्तुळात पाचसहा मोबाइल उंचावलेले होते. त्या दिवशी घरी येऊन त्या लोकांबद्दल मी केवढे बोललो होतो! आता वाटते, त्यांच्या आणि माझ्या बोटात फरक होता तो भिंगाचा. आपण फक्त पाहत आहोत, असे त्यांनाही वाटत होते. पाहणे ही मोठी निष्पाप गोष्ट आहे, अशी आपली समजूत असते. मी कुठे काय केले, मी नुसता पाहत होतो! पण पाहणाऱ्याने दिवा लावलेला असतो, काच ठेवलेली असते, आणि ज्याला पाहायचे तो हलू नये असे त्याला मनातून वाटत असते. सौंदर्याची ओढ आणि त्याला खिळवून ठेवण्याची ओढ यांच्यामध्ये मेणाच्या पायाएवढेच अंतर आहे, आणि मेण मऊ असते.

छंद मी सोडलेला नाही. सोडला असता तर एक सोपे प्रायश्चित्त झाले असते. शिवाय न पाहण्याने कोणाचे भले होते, असे मला वाटत नाही. न पाहणारा माणूस तलावात निर्माल्याच्या पिशव्या टाकतो. पाहणाऱ्याला तेवढे तरी जमत नाही. मी नियम मात्र केले आहेत. थेंब काचेखाली फार वेळ ठेवायचा नाही. पाण्याची वाटी आणि ड्रॉपर उजव्या हाताशी ठेवायचा, सुई पेटीत. पाहून झाले की काचपट्टी बाटलीत विसळायची आणि बाटली संध्याकाळी तलावात रिकामी करायची. वरून ओतायची नाही, हात पाण्याला टेकवायचा. हे केल्याने मी निर्दोष होतो असे नाही. काही जीव तरीही मरतात. पण ते पापणी पडताना मरतात, असे म्हणण्याचा थोडा हक्क मला आता आहे.

तो फोटो मी बैठकीतून काढला. फाडून टाकावा असे एकदा वाटले. पण ती तर आणखी एक पळवाट झाली असती. तो आता माझ्या टेबलासमोर, सूक्ष्मदर्शकाच्या बरोबर वर लावला आहे. तिथे पाहुणे येत नाहीत.

या अश्विनात एक निळसर स्टेंटॉर मिळाला. असा मला आजवर दिसला नव्हता. पाणी पातळ होत आले होते. तो मंदावला, पसरला. तोंडाभोवतीची केसांची झालर एकेक मोजता येईल इतकी रेखीव झाली. बोट बटणावर होते. आणखी अर्धा मिनिट थांबलो असतो तर तसा फोटो पुन्हा कधी मिळाला नसता. अर्ध्या मिनिटाने काही बिघडले नसते, असेही मनात येऊन गेले. मी उजव्या हाताने ड्रॉपर उचलला आणि काचेच्या कडेला एक थेंब सोडला. तो आखडला, सुटला आणि वर्तुळाबाहेर गेला.

पत्नी दारात उभी होती. म्हणाली, "मिळाला का फोटो?"

"नाही," मी म्हणालो, "हलला."